आकसण्याची सूट

राजारामपुरीत काचेचं दार होतं, आत थंडगार,
भिंतीवर मेपलचं पान, माणसापेक्षा मोठं.
टाय घातलेला पोरगा म्हणाला, "काका, शंभर टक्के गॅरंटी.
सहा महिन्यांत पीआर. आज दीड लाख टाका फक्त."
मी एकेचाळीस वर्षं उद्यमनगरात लाकडी पॅटर्न करतोय.
शंभर टक्के म्हणणाऱ्याचं कास्टिंग
आतनं हमखास पोकळ निघतं.
चहा घेतला. उठलो.

लक्ष्मीपुरीतला दुसरा वकील नव्हताच,
वकिलाचा पाहुणा होता.

शेवटी शाहूपुरी. खाली पिठाची गिरणी,
जिन्याच्या कठड्यावर बोटभर पीठ,
वर पाटी: ॲड. मुमताज शिकलगार.
बाईंनी न विचारता आधी सनद दाखवली,
मग फी कागदावर लिहून दिली, मग म्हणाल्या,
"तिकडचा अर्ज तिकडचा परवाना असलेला वकील बघेल.
तो खरा की खोटा ते मी तपासते. कागद मी लावते.
निकाल कुणाच्याच हातात नाही, माझ्याही."
असं बोलणारं माणूस
महिनाभरात पहिल्यांदा भेटलं.

नीलमनं प्रश्न लिहून आणलेले,
नर्सिंगच्या वहीत, मागच्या पानावर.
व्हिसा मिळाला म्हणजे आत गेलोच ना?
"दारापर्यंत गेलात. दार उघडायचं की नाही
ते दारातला साहेब बघतो."
मुदत संपत आली तर?
"संपायच्या आधी अर्ज. दूध उतू गेल्यावर
गॅस बंद करून काय उपयोग?"
आणि पीआर झाल्यावर इकडं यायचं?
"या की. पण दिवस मोजतात.
पाच वर्षांतले किती तिकडं काढले, ते."
नीलमनं 'दिवस'खाली दोन रेघा मारल्या.
मी मनात हिशेब घातला:
जोतिबाचे खेटे, रविवार पाच.
हिच्या आईचं श्राद्ध, एक.
येण्याजाण्यात चार.
पुढं मोजलं नाही.

बाईंनी कागद पसरले आणि हात थांबला.
जन्माच्या दाखल्यावर बाप भैरू.
पासपोर्टवर भैरवनाथ.
बोर्डाच्या सर्टिफिकेटवर भैरूनाथ.
"हे तिघं कोण?"
"मीच की."
"मला पटलं हो. सात समुद्रापलीकडं बसलेल्याला
तुम्ही कुठं ठाऊक?"

मग स्टॅम्प पेपर. मग टाईप झालं
की वरील तिन्ही नावांचा इसम एकच असून
तो इसम मी आहे.
शपथेवर.
सही करताना पेन जरा अडलं.
फाउंड्रीत भैरू, बँकेत भैरवनाथ, ठीक आहे,
पण हा भैरूनाथ कोण,
त्याच्याशी माझी कधी गाठ पडलेली नाही.

माझ्या खिशात एक पट्टी असते, खोटी.
तिचे शंभर मिलिमीटर खरे एकशेएक भरतात.
रसरशीत लोखंड निवताना आकसतं,
म्हणून लाकूड आधीच थोडं मोठं करायचं,
त्याला आमच्यात सूट म्हणतात.
का कोण जाणे, बाईंना काढून दाखवली.
त्यांनी ती फॉर्मवर धरली, चष्म्यातनं बघितली.
"भारी आहे हो. पण इथं नाही चालत.
बँकेत आहेत तेवढेच पैसे लिहायचे,
काम केलंय तेवढीच वर्षं.
एक मिलिमीटर वाढवलं
की पोरगी कायमची खोटी ठरते."
नीलम म्हणाली, "बाबा, ठेवा ती खिशात."
ठेवली.

पण निवल्यावर ही किती आकसेल,
कुठल्या बाजूनं,
ते या वहीत नव्हतं. मी विचारलंही नाही.
बाईंचा पुढचा माणूस बाहेर खोकत होता.

उतरताना जिना अंधारा.
कठड्याला धरत आलो,
शेवटच्या पायरीवर पोरीच्या पाठीवर हात टेकला, तोल गेला म्हणून.
उन्हात आल्यावर दिसलं,
तिच्या निळ्या ड्रेसवर पाचही बोटं, पांढरी, स्पष्ट.
ती फाईल छातीशी धरून रिक्षा बघत होती.
"बाबा, बोटांचे ठसे द्यायला बुधवारी पुण्याला जायचंय,
सकाळची एसटी बघा."
म्हटलं, बघतो.
पीठ झटकलं नाही.