उशीर

आमच्या गावाला नाव नाही, नंबर आहे.
त्रेचाळीस.
मळेवाल्यांनी बर्बीसचा किनारा दोरीने मोजला,
तेव्हा नाव विचारायला त्यांना सवड नव्हती.
नाव आहे ते देवळाला,
आणि देवळाला आज साठ वर्षं झाली.

पहाटे तीनपासून मी भोपळा चिरतेय.
समोर युडीन, रविवारी चर्चमध्ये गाणारी,
तिथल्याच आवाजात मला सांगते,
"जसोदरा, फोडी जाड होतायत."
तिच्या आईनेही हाच भोपळा ढवळला होता,
हीच कढई, हाच डाव.
देवाला तिचं घर माझ्याआधीपासून ठाऊक असणार.

पोरं चरात उतरलीत, कमरेएवढ्या पाण्यात,
कमळाची पानं काढतायत, परातीएवढी.
जेवायला प्रत्येक पानावर सात भाज्या,
आणि सातवीचा रस्सा
कोपरापर्यंत ओघळल्याशिवाय
आमच्याकडे जेवण झालं असं म्हणत नाहीत.

भाऊ आलाय टोरांटोहून. बावीस वर्षांनी.
बॅगेत झंडीचं लाल कापड, डासांचं मलम,
आणि एक मुलगी, जिला गाईची भीती वाटते.
आल्या आल्या समुद्राच्या भिंतीवर जाऊन आला.
म्हणाला, "बुटकी झालीय."
भिंत तेवढीच आहे, चैतराम.
पण मी बोलले नाही. लांबून आलेल्याला
पहिल्या दिवशी थोडं चुकू द्यावं.

आता घंटेचं सांगते.

ती देवाची नव्हे. साखर कारखान्याची.
पहाटे चारला वाजायची
आणि आजा अंधारात चाचपडत कोयता शोधायचा,
मग बाबा शोधायचे, चौदाव्या वर्षापासून.
दुसरी घंटा होईपर्यंत फडावर पोचला नाही
तर अर्ध्या दिवसाची मजुरी गेली.
एकदा माझा जन्म होत होता. तेव्हाही गेली.

कारखाना बंद पडला. यंत्रं भंगारात गेली.
घंटा कुणी मागितली नाही,
तेव्हा रामदेहोलकाकांनी ट्रॅक्टरवर घालून आणली,
चिंचेने घासली, शेंदूर लावला,
देवळाच्या दारात टांगली.
त्या दिवसापासून बाबा पायरीपर्यंत येतात.
पायरीवर बसतात. प्रसाद तिथेच घेतात.
"हाक मारायची तर तोंडाने मारीन," म्हणतात,
"देव काही बहिरा नाही."

सात वर्षं झाली या गोष्टीला.
आम्ही विचारायचं सोडून दिलं होतं.

आज हवन झालं, बांबू उभा राहिला,
खारं वारं लागताच झंडी फडफडली,
आणि पंडितजी म्हणाले,
गावातल्या सर्वांत वडील माणसाने घंटा वाजवावी.
हार्मोनियम थांबलं. सगळ्यांच्या माना
पायरीकडे वळल्या, आणि मग घाईने दुसरीकडे.

बाबा उठले.
चैतराम हात द्यायला धावला, तो त्यांनी बाजूला सारला.
त्याच्या मुलीला मात्र विचारलं,
"पोरी, किती वाजले?"
तिने फोन पाहिला. "सव्वानऊ."

"म्हणजे पाच तास उशीर," बाबा म्हणाले.
पायऱ्या चढले. एक. थांबले. दोन.
दोरी धरली, तिच्याकडे जरा रागानेच पाहिलं,
आणि वाजवली. लागोपाठ. जोरात.
कोकराच्या दारावरचे बगळे उडाले.
"कापा म्हणावं मजुरी!" ते ओरडले,
चौऱ्याऐंशी वर्षांच्या घशाने,
"कापा आता!"

कुणी हसलं, कोण ते कळलं नाही.
मग सगळेच.
रामदेहोलकाका मात्र खांबाला टेकून उभे होते
आणि डोळ्यांत धूर गेल्याचं सांगत होते.
हवन विझून बराच वेळ झाला होता.

युडीनचा डाव हातातच राहिला,
माझाही लक्ष ठेवायचा राहिला,
आणि कढईत भोपळा तळाला लागला.
करपल्याचा वास गाभाऱ्यापर्यंत गेला.

पानं मांडली. बाबा आत बसले,
भिंतीला पाठ लावून, नव्या माणसासारखे.
पहिला घास घेतला. चावला. माझ्याकडे पाहिलं.
"लागलाय," म्हणाले,
आणि पान पुढे केलं, आणखी वाढ म्हणून.