जसे आहे, जेथे आहे

तळोजा फेज दोन, सातवा मजला.
दारावर बँकेची नोटीस,
चारही कोपऱ्यांना
नीट कापून लावलेली चिकटपट्टी.

कांबळी म्हणाले,
रात्रभर फडफडायची वाऱ्यानं,
झोप लागेना. मीच चिकटवली.

मी भिंती ठोकून पाहिल्या, ओल शोधली.
सापडली तेव्हा बरं वाटलं:
दोन लाख तरी उतरतील
लिलावाच्या आधी.

ते आपले सांगत राहिले,
बाथरूमचा नळ आधी डावीकडे, मग उघडा,
पाणी साडेसहाला, वीसच मिनिटं,
शेजारचे पिल्ले चावी ठेवून घेतात,
विचारावंसुद्धा लागत नाही.

लिफ्टमध्ये एजंट म्हणाला,
किती बोलू?
मी आकडा सांगितला,
पडेल त्याहून थोडा कमीच,
आणि खिशातल्या खिशात हात
डावीकडे वळत राहिला.