तळपणची बाव

होड्या वर ओढून झाल्या.
पुरुष आता छपरांवर दगड ठेवतायत.
सुकांती पागीण मात्र बावीवर:
ताडपत्री, वरून नवऱ्याचा जुना पाग,
काठाला वाळूच्या पोत्यांची दुहेरी रांग.

"बावीला थंडी वाजते काय गे?"
दामू हसला.

ती हसली नाही.
मागच्या वादळात घरं उभी राहिली,
पेज तेवढी खारट झाली.
टँकर आला नवव्या दिवशी.
तोवर शेजारच्या धाकट्याचे डोळे
खोल गेले होते.

शेवटची गाठ दातांनी ओढून
ती घरी गेली, सकाळी उकळून निववलेली
एक कळशी उचलली,
दामूच्या दारात नेऊन ठेवली.

म्हणाली, झाकण काढू नको.
आणि कळशी परत दे.
मागच्या वेळच्या दोन
अजून यायच्यात.