सातवं दार

वाशीला, सेक्टर नऊच्या रद्दीवाल्याकडे
वर्तमानपत्रं द्यायला गेले
तर तागडीत तेच पुस्तक.
दुसऱ्या कुणाच्या घरचं, पण चित्र तेच:
तोच पोरगा, तीच घोंगडी, एकात एक सात दरवाजे.
रद्दीच्या भावात देईना. वीस रुपये घेतले.

चष्मा लावून बसले वाचायला.
राजा फारच बोलतो.
पोराच्या आईला अख्ख्या पुस्तकात दोन ओळी,
त्यातल्या एकीत ती भाकरी बांधते.
आणि ती चेटकीण, केवढी म्हातारी वाटायची तेव्हा,
लेखक चक्क वय सांगतो: चाळीस.
मी सेहेचाळीस.
एकटीच हसले, चहा उतू गेला.

मग एकसष्टावं पान आलं आणि मी सावरून बसले.
आता तो पहारेकरी येणार होता.

सातव्या दारापाशी बसलेला असतो,
मांडीवर कंदील, काच पुसत.
पोरगा म्हणतो, द्यायला काही नाही माझ्यापाशी,
नाव घे माझं.
तो म्हणतो, नाव राहू दे, पुढे लागेल.
भीती असेल तर दे.
पोराची भीती तो बोटांनी वातीसारखी वळतो,
कंदिलात घालतो,
आणि तिच्याच उजेडात दाराची कडी दिसते.

हे मी आयुष्यभर वापरलंय.
मार्केटातल्या नोकरीच्या मुलाखतीला.
नेरुळच्या हॉस्पिटलात, आईच्या फॉर्मवर सही करताना,
पेन चालेना तेव्हा.

पुस्तकात पहारेकरी नाही.
एकसष्ट ते अडुसष्ट: राजाचं परवानापत्र,
लाखेचा शिक्का, शिपाई बाजूला होतात.
पानं चिकटलीत का बघितलं, बोट ओलं करून, दोनदा.

मला कांजिण्या आल्या होत्या त्या वर्षी.
कोपरखैरण्याची एक खोली, उशाशी कडुनिंबाचा पाला.
पुस्तक वाचनालयाचं, मी हात लावायचा नाही.
दादा उंबऱ्याबाहेर बसून वाचायचा,
पडद्याआडून नुसता आवाज.

घणसोलीला फोन लावला.
संपतदादा जरा वेळ गप्प.
"अगं, ती पानं नव्हतीच. कसरीनं खाल्लेली.
तू रडशील म्हणून बोलत सुटलो."

तेरा वर्षांचा होता.
बेलापूर रोडच्या कंपनीला टाळं लागलं होतं
आणि बाबा तरीही रोज फाटकापाशी जाऊन बसायचे.
दुपारचा डबा दादा न्यायचा.
कधी काही बोलला नाही त्याबद्दल.

"मग खऱ्यात काय आहे?" त्याने विचारलं.
पन्नाशीचा माणूस, घाईघाईने:
"उघडतं ना दार?"

शिक्क्याच्या चित्रावर बोट ठेवून मी म्हणाले,
तेच आहे रे. तू वाचलंस तेच.

"कंदील?"

थांब, म्हटलं, वाचूनच दाखवते.
आणि चष्मा काढून ठेवला.