पेव

हरिपुरात हळदीची पेवं होती,
जमिनीच्या पोटात, रांजणासारखी, अरुंद गळ्याची.
उतरायच्या आधी कंदील सोडायचे.
तो विझला, तर त्या दिवशी माणूस उतरायचा नाही.
हे मला दस्तगीर मकानदारनं सांगितलं,
ज्याचा बाप आत उतरे
आणि वर येई तो पिवळा होऊन, पापण्यांसकट.

आमच्या वळणावर एकच उरलंय, कोरडं.
पद्मजा मगदूम नावाच्या पोरीनं त्याच्या तोंडावर
काळी काच बसवली, आडवी,
विहिरीतल्या पाण्यासारखी.
मी वायरमन. मला एवढंच सांगितलं,
अर्थिंग नीट दे, खालून ओल येते.

मग तिनं दाखवलं.
काचेवर बोटानं लिहायचं. अक्षरं हळदीची उमटतात,
कडा भुरभुरतात, बुडतात.
थोडा वेळ काही नाही.
मग खालून दुसऱ्याच कुणाचं वाक्य वर येतं,
परवाचं, किंवा मागच्या अमावस्येचं.
नाव नाही. उत्तर देता येत नाही.
फक्त तळवा ठेवता येतो,
आणि तळव्याचा ठसा त्या वाक्यासोबत परत खाली जातो.

"एवढंच?" मी म्हणालो.
"एवढंच," ती म्हणाली, आणि माझी पक्कड परत दिली.

पेव फुटलं म्हणतात, तसं काही झालं नाही.
लोक एकेकटे आले. चपला बाहेर.
पोरांनी बदाम काढले, शिव्या लिहिल्या,
त्याही बुडाल्या.
फ्यूज बघायला गेलो की मी वाचायचो:

*सुनेच्या भाकरीला नावं ठेवते. तिची माझ्यापेक्षा फुगते म्हणून.*

*बढती मिळाली. सांगायला कोण आहे?*

आणि एका मंगळवारी, सातच्या सुमारास:

*मला पोहता येतं, हे पुरात मी कुणालाच सांगितलं नाही.*

टेस्टर हातात तसाच.
बाहेर संगमावर कुणीतरी घंटा वाजवली, एकदाच.

दारावरचा कॅमेरा मीच लावलेला.
पेटीची किल्ली माझ्याकडं.
मिनिटभराचं काम.
पेटी उघडली, खोटं कशाला बोलू.
पडद्यावर चपलांची रांग,
त्यात एक जोड, अंगठा तांब्याच्या तारेनं बांधलेला,
घाईत, तीन वेढे.
आणि पावलं येत होती तिकडं, घोट्यापर्यंत दिसली,
मग गुडघ्यापर्यंत,

मी वायर उपटली.

परत आत जाऊन बसलो.
माझं बोट खरखरीत, काच दोनदा ओळखेना.
तिसऱ्यांदा लिहिलं:

*त्या रात्री आमच्या भागाची लाइन मीच तोडली.
हुकूम होता. बरोबरही होतं.
अंधार झाल्यावर जी हाक आली, ती कुणाची?*

हळद भुरभुरली. गेली.

दस्तगीर म्हणतो, पेवात हळद वर्षानुवर्षं राहते, रंग न उतरता.
फक्त तोंड उघडल्या उघडल्या वाकायचं नाही.
आतली हवा आधी जाऊ द्यायची.

गणपती बसले, उठले.
मंडपांच्या कामात मी तिकडं फिरकलो नाही.
परवा अर्थिंग बघायला गेलो तर
माझंच वाक्य वर आलं,
र्‍हस्व-दीर्घाच्या चुकांसकट.
त्यावर तळवे होते. मोजले नाहीत.
एक लहान होता, त्या पोराला वाचता येत असेल, नसेल.
स्वतःच्या वाक्यावर ठेवता येतो का,
हे पद्मजानं सांगितलं नव्हतं.
ठेवून बघितला.
काच कोमट होती,
मशीनच्या गरमीनं, मला माहीत आहे,
जोडणी माझीच आहे.
तरी हात लगेच उचलला नाही.

बाहेर चपलांत ती जोड.
तार सुटत आलेली.
खिशातून नवी काढली, पाच वेढे दिले,
टोक वळवून आत दाबलं, टोचू नये म्हणून,
आणि आतून कोण येतंय ते बघायच्या आत
सायकल काढली.