पाय मोकळे करायला

वुड्स होलच्या धक्क्यावर पहाटे पावणेपाचला बोट लागते.
टाकीतली सात माकुळं माझ्या बादलीत येतात.
रंग बदलत राहतात वाटभर,
विटकरी, मग पांढरी फट्ट,
मग तेही नाही.

सत्तावीस वर्षं मी अक्षतंतू सोडवते आहे.
शेवईएवढा जाड, काचेसारखा आरपार.
दोन टोकांना दोन दोरे, एक पांढरा, एक काळा,
म्हणजे कुठून कुठे ते चुकत नाही.
मग लाटण्याने (लाटणंच ते, बोटाएवढं)
आतला गर काचेवर पिळून काढायचा.

माकूळ मेलेलं. पेशीसुद्धा उरलेली नाही.
आणि पडद्यावर चाललेलंच आहे,
पोती, पिंपं, कसली कसली गाठोडी,
आपापल्या वाटेने, रेंगाळणं नाही.
मालक गेला
हे कुणी कळवलेलं नाही त्यांना.

वाट म्हणजे सूक्ष्मनलिका, तेरा पदरांची, आतून पोकळ.
हमालाचं नाव कायनेसिन.
दोन पाय, वर लांब दांडा, दांड्याला ओझं.
पुस्तकं त्या पायांनाच डोकी म्हणतात,
त्यावर मी अजून हसते.
एक रुतून उभा, तोवर दुसरा पुढे फिरतो,
चाचपतो, रुततो, मग मागचा सुटतो.
आठ नॅनोमीटर. एटीपीचा एक कण खर्च.
पुन्हा आठ.
शंभरेक पावलांवर गडी वाटेवरून निसटतो,
ओझं दुसरा कुणीतरी पेलतो.
आणि टोकाकडून परतणारा डायनीन
थोडा झिंगल्यासारखा, बाजूच्या पदरावर पाय टाकत,
रिकामं-सामान, मोडकं-तोडकं घेऊन घराकडे.

एका ऑगस्टच्या दुपारी डॉक्टर ओस्टबींनी
खोटं एटीपी सोडलं त्या गरात.
दिसायला तेच, पण न फुटणारं.
सगळं थांबलं.
गळून पडले का हो? मी विचारलं.
नाही, त्या म्हणाल्या, उलट. चिकटून बसलेत.
धरणं फुकट असतं, झुल्मिरा,
खर्च सोडण्याचा आहे.

मी बादली धुतली. घरी गेले. ईस्ट फालमथ,
चार पायऱ्या, लाकडी कठडा,
आणि कठड्याला धरून पापा.

चाळीस वर्षं शिंपल्यांच्या बोटीवर
हलत्या फळीवर उभा राहिलेला माणूस,
जमिनीवर पडायला लागला पन्नाशीत.
पाय ताठ, जणू कुणा दुसऱ्याचे.
तपासणीत निघालं, एका जनुकात एक अक्षर चुकलंय,
त्या अक्षराचा हमाल लंगडा.
ज्या मज्जातंतूंना दूर जायचंय, तेच आधी उपाशी राहतात.
कमरेपासून अंगठ्यापर्यंत एक मीटर.
मी कागदावर मांडलं, साडेबारा कोटी पावलं.
धडधाकट हमालांनाही साडेअकरा दिवस,
म्हणजे आज कण्यातून निघालेलं
पुढच्या आठवड्याच्या शेवटी पोचणार, पोचलंच तर.
तुमचीही चाचणी करायची का, दवाखाना विचारतो.
बघू, म्हणते. गेले दोन उन्हाळे म्हणते आहे.

काशूपा चुलीवर खाली लागत होता, वास येत होता.
पापांची मूठ उघडत नव्हती.
मी ओढलं नाही.
करंगळीपासून सुरुवात केली, जशी करते
तंतूभोवतीचं मांस काढताना,
एक एक, घाई न करता, ओलसर हातांनी.
पुढचा टेक, म्हटलं. टेकला?
आता मागचा सोड.
पुढचा टेकला. मागचा सुटायला किती वेळ गेला
ते मी मोजलं नाही, मोजण्याचंच काम असूनही.

कुठे निघालो आपण? त्यांनी विचारलं
दुसऱ्या पायरीवर.
कुठे नाही, म्हटलं, जरा पाय मोकळे करायला.
ते हसले. हात माझ्या हाताला हुंगला.
माकूळ, म्हणाले. आज किती होती?
सात.