डावी पुढची

आमच्या तांबट आळीत जर्मन हा शब्द
थुंकल्यासारखा उच्चारत.
एका घरात जर्मनचं पातेलं आलं
की दुसऱ्या घरातली ऐरण थंड.
वडील म्हणाले, धातूशी कसलं वैर?
मोटरीला कापडी चाक लावून
ते गाड्यांच्या पट्ट्या घासायला बसले.
त्या चाकापुढे आता मी बसते.

उजागरे सर शरणपूरहून फियाट घेऊन आले.
बासष्टचं मॉडेल, राखी निळी,
बाजूच्या पट्ट्या ओरखड्यांनी आंधळ्या झालेल्या.
कुठे फाटक घासलेलं, कुठे सायकलचं हँडल,
आणि दारावर किल्लीने ओढलेली सरळ रेघ.
ती कोणी ओढली ते त्यांना ठाऊक असावं.
"जाऊ दे," म्हणाले.
मग निघता निघता,
"साठच्या पुढे गेली की करकरते जरा.
वडिलांनी एकदा पॉलिश करून आणली, तेव्हापासून."

कॉस्टिकच्या पाण्यात पट्टी आधी गप्प असते.
मग अंगभर बुडबुडे, घशाला झोंबणारी वाफ.
घड्याळ बघायचं. दीड मिनिट, फार तर दोन,
नाहीतर पाणी धातूच खायला लागतं.
कडक थर उतरला की खालचं अंग मऊ, करडं.
पाठीवरून लाकडी मोगरी, तीही बेतानं.
तांब्याचा हात इथे चालत नाही.
तांबं मार सोसतं, वर वाजूनही दाखवतं;
हे नुसतं दबतं, आणि लक्षात ठेवतं.

मग पेपर. चारशे, आठशे, बाराशे, दोन हजार,
साबणाच्या पाण्यात, एकाच दिशेने.
एक ओरखडा घालवायचा
तर त्याहून बारीक हजार काढावे लागतात.
चमक म्हणतात ती एवढीच.

चाकाला खाकी साबण, नंतर पांढरा.
बोटं काळी, नाक काळं, रुमालात दिवसभराचा हिशेब.
चाकाने कड धरली तर पट्टी कोयत्यासारखी सुटते.
भिंतीत एक खाच आहे सत्त्याऐंशीची,
वडिलांच्या कानाच्या उंचीवर.

बसवताना डावीकडची शेवटची क्लिप
अर्ध्या बोटाने चुकली.
पट्टी उलटी केली, पाठीवर टोच्याने ठोकलेलं:
डा. पु.
भांड्यांवर नावं घालायचा तोच टोचा,
पु ची शेपटी तीच, लांब, थोडी आढ्यतेची.
बराच वेळ कळेना.
मग गाडीच्या तोंडासमोर जाऊन उभी राहिले, त्यांच्यासारखी,
पाठीवर हात बांधून.
त्यांची डावी. गाडीची उजवी.

पट्ट्या बदलल्या. टच, टच, टच.
एवढी वर्षं आडून बसलेलं भोक
मुकाट्याने खिळ्यावर आलं.
बिलातून दोनशे कमी केले.
सर म्हणाले, कसले?
म्हटलं, जुनी बाकी आहे आमच्याकडे.

आठव्या दिवशी सर परत.
पट्टीत तोंड दिसतं, म्हणाले,
दाढीचा राहिलेला केससुद्धा.
पण गाडी बोलत नाही.
वडील सांगायचे, ती बोलली की पाय काढ.
काटा तर सत्तरीपासूनच बंद आहे.
साठ कधी ओलांडली कळतच नाही,
परवा मिसेस ओरडल्या, तेव्हा कळलं.

मी काही बोलले नाही.
चाकाच्या कमानीत कोपरापर्यंत हात घातला,
शेवटचा नट चाचपून दोन आटे सैल केला.
"चला, बघू."

त्र्यंबक रोड, दुपारची वेळ, सातपूर मागे पडलं.
सर स्टिअरिंगला कान लावल्यासारखे वाकलेले.
माझी काळी बोटं मांडीवर, सीटला लागू नयेत म्हणून वर धरलेली.
अजून काही नाही.
थोडी दाबा, म्हटलं.
अजून थोडी.